चार उंदीर माझे

द्वारकाबाईच्या घरात उंदराला उंदीर म्हणायची सोय नव्हती. मामा म्हणायचं. मामा माळ्यावर फिरून राहिले, मामांनी दुरडी कुरतडली, असं सगळं आदरानं. आणि मामांचा काटा काढायचा असलाच, तर तो बेत मनातल्या मनात करायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कारण उंदरांना माणसाचं बोलणं कळतं. एकदा किसनराव, म्हणजे द्वारकाबाईचे मालक, जेवता जेवता सहज बोलून गेले, की उद्या औषध आणून घालू. सकाळी त्यांच्या धोतराला चार भोकं. ही गोष्ट द्वारकाबाईनं इतक्या वेळा सांगितली होती, की चार भोकांची आता नऊ झाली होती, आणि किसनरावही नऊच म्हणू लागले होते.

ही समजूत एकट्या द्वारकाबाईची नव्हती. शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधे साठ-सत्तर उंबऱ्यांची ती वाडी, आणि साठ-सत्तरही उंबऱ्यांत हाच कायदा. सापळा आणला तरी पदराखाली झाकून आणायचा. शेजारणीलाही सांगायचं नाही, कारण भिंती मातीच्या, आणि भिंतीत कोण बसलंय ते सगळ्यांना माहीत.

द्वारकाबाईचं आणखी एक होतं. तिची संकष्टी. लग्नानंतर सात वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा धरलेली. पुढं वैजनाथ झाला, मोठा झाला, हिंगोलीच्या डेपोत कंडक्टर लागला, त्याची बायको शिला घरात आली, दिपा नावाची नात सात वर्षांची झाली, तरी संकष्टी चालूच. त्यामुळं गणपतीच्या बाबतीत वाडीत तिचा शब्द शेवटचा. त्याच वर्षीच्या गणपतीत शेजारच्या अनुसयाबाईनं मुसळाच्या एका घावात उंदीर मारला, तर द्वारकाबाईनं आडावर, दहा बायकांच्या देखत तिला फैलावर घेतलं होतं.

"देव घरात बसलेला, आन् त्याचंच वाहन ठेचलंस व्हय गं? हात कसा धजला तुजा?"

अनुसयाबाई घागर उचलून गेली, आणि त्या दिवसापासून तिनं द्वारकाबाईशी बोलणं टाकलं. दोघींच्या मधे एकच भिंत होती. ती असून नसल्यासारखी होती, ती आता खरोखरची भिंत झाली.

हे सगळं चौऱ्याण्णव सालचं. हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, सगळा कारभार परभणीला. गणपती उठले, पितृपंधरवडा लागला, आणि रेडिओवर ती बातमी आली. बीडकडं प्लेग. मग सुरतेला प्लेग. सरपंच उत्तमरावांच्या ओट्यावरचा रेडिओ दिवसभर चालू राहू लागला. वाडीत जे म्हातारे होते ते एकदम बोलके झाले. निजामाच्या राज्यात गाव कसं ओस पडलं होतं, लोक माळावर खोपी घालून कसे राहिले होते, ते सगळं बाहेर निघालं. किसनराव तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांचे दोन चुलते त्या माळावरून परत आले नव्हते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण एवढं पुरेसं होतं.

लालसिंग राठोड हा आरोग्य केंद्राचा माणूस. पलीकडच्या तांड्यावरचा. सायकलला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या आणि सुई. ताप आलेल्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब न्यायचा हे त्याचं काम, म्हणून पोरं त्याला पाहिलं की कणगीमागं लपत. माणूस मात्र सोन्यासारखा. बातमी आली तसा तो वाडीत आला, मारुतीच्या पारावर बाप्यांना गोळा केलं आणि नीट समजावून सांगितलं.

"मेलेला उंदीर दिसला तर हात लावू नका, मला सांगावा धाडा. आन् दुसरी गोष्ट: आत्ता औषध घालून उंदीर मारू नका. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येत्यात. आदी पावडर मारू, पिसवा मारू, मंग उंदराचं बघू."

बाप्यांनी माना हलवल्या, तंबाखू थुंकली आणि घरी गेले. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं? अर्धंच. तेही भीती घालण्यापुरतं. उंदरापासून प्लेग होतो म्हणे, उंदीर मरून पडायला लागले की समजायचं आला. औषध घालू नका हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी घातलं असेल तर ना! उंदीर, ढेकूण, झुरळं हे घरातलं काम, ते बायकांनी करायचं. आणि त्या कामाच्या सूचना मात्र पारावर, बाप्यांना. सरकारचं डोकं असंच चालतं, त्यात लालसिंगचा तरी काय दोष.

द्वारकाबाईनं ऐकलं ते एवढंच, की उंदरापासून प्लेग होतो. त्यातच तिनं दसऱ्याच्या धुण्यासाठी ट्रंक उघडली, तर महालक्ष्म्यांना नेसवलेली नवी साडी पदराकडून चाळण झालेली. तिचं डोकं फिरलं. देवाचं वाहन असलं म्हणून काय झालं, देवीच्या साडीला तोंड लावायचं? तिनं दातावर दात दाबले, ट्रंक बंद केली, आणि तोंडानं म्हणाली, "असू द्या, लेकरं हायत ती बी." हे मामांना ऐकवायला. बेत मनात पक्का झाला होता.

दोन दिवसांनी जवळ्याचा बाजार. उत्तमरावांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाडीच्या दहा-बारा बायका बसल्या. दरवेळी बाजारात उतरल्या की एकमेकींच्या मागं मागं फिरायच्या, त्या आज उतरल्याबरोबर पांगल्या. एकीला दोरा बघायचा होता, एकीला कासाराकडं जायचं होतं. आज सगळ्याच एकेकट्या का फिरतायत, हे द्वारकाबाईच्या लक्षात आलं नाही, कारण तिलाही एकटंच फिरायचं होतं.

बाजाराच्या टोकाला, काठीला वाळके उंदीर टांगून तो औषधवाला बसतो. त्याला रीत ठाऊक. तो विचारत नाही, गिऱ्हाईक बोलत नाही. नजरेनं खूण करायची, तो कागदात काळी पुडी बांधून देतो. त्या दिवशी त्याच्यापुढं मोजून चार-दोन पुड्या उरल्या होत्या. द्वारकाबाईनं एक पिशवीच्या तळाशी घातली, वर वांगी टाकली, आणि परत फिरताना तिच्या ध्यानात आलं, की आज संकष्टी आहे.

ती मधेच उभी राहिली. मग स्वतःशी म्हणाली, उद्यावर टाकलं आणि उद्याच प्लेग आला तर? घरी गेली. देवघरातल्या गणपतीच्या तसबिरीवर तिनं किसनरावांचा टॉवेल टाकला. गोठ्यात बसून फुटक्या थाळीत कणीक, गूळ, करडीचं तेल आणि ती लसणासारख्या वासाची काळी पूड काठीनं कालवली, कागदाला धरून गोळ्या केल्या, थाळी पुरून टाकली, हात तीनदा राखेनं घासले. कणगीमागं, माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात गोळ्या गेल्या. शिलाला सांगितलं, "तिकडं लेकरू जाऊ देऊ नको. इच्चू दिसला." चंद्र उगवल्यावर टॉवेल काढला, दिवा लावला, आणि गणपतीच्या डोळ्यांकडं न बघता उपास सोडला.

सकाळी चार. दोन रांजणापाशी, एक कणगीमागं, एक गोठ्यात. कोणी उठायच्या आत तिनं चिमट्यानं ते पोत्यात भरले आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन टाकले. टाकताना बघते तर तिथं आधीचे नऊ पडलेले.

चार आपले. हे नऊ कोणाचे?

दुपारपर्यंत आडाच्या काठावर तीन दिसले. मारुतीच्या पायरीवर एक. शाळेच्या पडवीत दोन, आणि मास्तरांनी शाळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी काठीनं उलटेपालटे करून मोजले, चौतीस भरले. चौतीस उंदीर आपोआप मेले, ही बातमी वाडीत पसरायला किती वेळ लागणार? संध्याकाळच्या आत गाड्या जुंपायला सुरुवात झाली. ज्यांची शेतं लांब त्यांनी बिऱ्हाड शेतात न्यायचं ठरवलं. बायका चुलीपुढं बसून रडू लागल्या, आणि गंमत अशी की प्रत्येकीच्या रडण्यात एक गप्पपणा होता, तो कोणालाच कळला नाही.

द्वारकाबाई रात्रंदिवस एकच हिशेब करत होती. चौतीसातून चार गेले, तीस उरतात. आपण चार मारले हे खरं, पण तीस तर प्लेगनंच मेले. म्हणजे आला. सांगून काय उपयोग? सांगितलं तर प्लेग जाणार नाही, फक्त आपली अब्रू जाणार. संकष्टीच्या दिवशी, गणपतीवर टॉवेल टाकून! आणि तेही अनुसयाबाईच्या देखत. ती गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी पहाटे दिपाला ताप भरला. अंगाला हात लावू देईना. शिलानं तिचा परकर बदलताना हात घातला आणि ओरडली. जांघेत लिंबाएवढी गाठ होती.

"आत्याबाई," एवढंच ती म्हणू शकली.

रेडिओनं तीन दिवस हेच सांगितलं होतं. ताप आणि जांघेत, काखेत गाठ. द्वारकाबाई भिंतीला टेकून खाली बसली. हे आपल्या हातानं झालं, असं तिला आतून पक्कं वाटलं. ज्या देवानं पोरगं दिलं, त्याच्याच दिवशी त्याच्याच वाहनाला विष चारलं, आणि देवानं नातीवर हात टाकला. तिनं तसबिरीकडं पाहिलं. म्हणाली, "माजं काय करायचं ते कर. लेकराला काहून?" किसनराव उंबऱ्यात उभे होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते नुसते डोळे पुसत राहिले.

उत्तमरावांनी आदल्या दिवशीच सांगावा धाडला होता. नवाच्या सुमाराला लालसिंग आला, सायकलवर पावडरची गोणी बांधून. त्यानं उकिरडा पाहिला, आड पाहिला, आणि पारावर सगळ्यांना बोलावलं. या वेळी बायकाही आल्या. बोलावलं नव्हतं तरी आल्या, आणि देवळाच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. लालसिंगचं तोंड सुकलं होतं.

"डॉक्टरसायेब दुपारी जीप घेऊन येत्यात. त्याच्या आदी मला लिहून द्यायचंय. एकच इचारतो, खरं सांगा. कोणी औषध घातलं व्हतं का?"

उत्तमराव बसल्या जागेवरून म्हणाले, "न्हाई. आपल्या वाडीत कोणी घातलं न्हाई. असं काम असतं तर मला कळलं नसतं व्हय?"

बाप्यांनी माना हलवल्या. बायका जमिनीकडं बघत होत्या.

"औषधानं मेले असले तर गोष्ट येगळी हाय," लालसिंग पुन्हा म्हणाला. "न्हाईतर मला चौतीस आपोआप मेले असं लिहावं लागंल. तसं लिहिलं की ज्याला ताप हाय त्याला परभणीला न्यावं लागतंय. येगळ्या खोलीत. पंधरा दिवस तरी. संगट एकच माणूस." मग आवाज खाली करून त्यानं विचारलं, "तापाचं कोण हाय?"

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. शिला दिपाला चादरीत गुंडाळून घेऊन येत होती. लोक दोन्हीकडं सरकले. परवापर्यंत जी पोरगी सगळ्यांच्या ओसऱ्यांवर खेळत होती, तिला वाट देताना बायकांनी पदर नाकाला लावले. द्वारकाबाईनं ते पाहिलं.

दिपाला गर्दीत आजी दिसली. तापानं तिचे ओठ फुटले होते.

"आजी, मला नेणार हायत का? तू बी येशील ना संगं?"

द्वारकाबाईनं लालसिंगच्या हातातल्या वहीकडं पाहिलं. त्यानं टोपण काढलं होतं. चौतीस लिहिणार. म्हणजे तिचे चारही त्यात जाणार, आपोआप मेलेले म्हणून, आणि त्या आकड्यावर दिपाला जीपमधे घालणार. तीस खरे असतील, त्याला ती काय करणार? पण लेकराच्या नावावर चार खोटे कशाला? चार तर चार. ते तरी कमी व्हावेत. अब्रूचं काय करायचं ते मग बघू.

ती भिंतीपासून पुढं आली. वाडीत पारापुढं बाईमाणसानं बोलायची पद्धत नव्हती, पण ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

"लालसिंगभाऊ, चौतीस लिहू नका. त्यातले चार माजे हायत."

लालसिंगनं मान वर केली. "म्हंजे, मावशी?"

"मी मारले. औषध घालून. जवळ्याच्या बाजारातून आनलं, संकष्टीच्या दिशी. गणपतीवर टावेल टाकला व्हता."

किसनराव तिच्याकडं बघतच राहिले. त्या संध्याकाळभर ते तो टॉवेल शोधत होते. द्वारकाबाईनं मान वर केली ती थेट अनुसयाबाईकडं बघूनच. बोल आता काय बोलायचं ते, अशा नजरेनं. गणपतीत आडावर मी तुला बोलले, आता पारावर तू मला बोल.

अनुसयाबाई भिंतीपाशी उभी होती. तिचं तोंड लाल झालं होतं. ती एक पाऊल पुढं आली.

"माजे पाच," ती म्हणाली.

लालसिंगचं पेन हवेतच राहिलं.

"मी बी तितूनच आनलं. तुज्या आदी. तू येताना दिसलीस म्हनून मी भांड्याच्या दुकानामागं लपले." मग ती लालसिंगकडं वळली. "पाच माजे लिहा, भाऊ. मी त्यांना उकिरड्यावर टाकले तवा तितं चार आदीच व्हते, म्हनून मला वाटलं आलाच आता."

"ते चार माजे असतील," मागून पारुबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण त्यात हसूही होतं. "दुसऱ्या दिशी आनखी दोन गावले."

मग थांबेना. ही म्हणाली तीन, ती म्हणाली मोजले नाहीत पण अख्खी पुडी घातली. एक म्हातारी म्हणाली, माझा एकच, पण घूस होती, दोन धरा. लालसिंग वहीच्या मागच्या पानावर भराभर लिहीत होता. शेवटी जिवनबाई पुढं आली. ती उत्तमरावांची बायको. सरपंचांकडं पाठ करून ती हळूच म्हणाली, "आमचे सात."

उत्तमरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी ते पुन्हा फारसं बोलले नाहीत.

लालसिंगनं बेरीज केली. एकदा केली, पुन्हा केली. मग पेन खिशाला लावलं आणि गुडघ्यावर हात मारून हसायलाच लागला.

"मेलेले चौतीस, आन् तुमी कबूल केले एकेचाळीस! सात कुठं हायत, बायांनो?"

"बिळात आसतील की," अनुसयाबाई म्हणाली, आणि सगळी वाडी हसली. किती दिवसांनी हसली! म्हातारे हसले, बाप्ये हसले, जुंपलेल्या गाडीवरून एक माणूस खाली उतरला आणि बैल सोडू लागला. प्लेगच्या भीतीनं एकेकीनं गुपचूप औषध घातलं होतं, मामांना कळू नये म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांचे मेलेले एके ठिकाणी पाहून प्रत्येकीला प्लेग दिसला होता. मामांना कळलं नाही हे खरंच. पण गावालाही कळलं नाही.

द्वारकाबाई मात्र हसली नाही. उंदरांचं उलगडलं, गाठीचं काय? तिचे डोळे दिपावर होते. लालसिंगही हसायचा थांबला आणि शिलापुढं उकिडवा बसला. त्यानं गाठ वरूनच पाहिली, मग विचारलं, "पायाला काय लागलं व्हतं का गं तुला?"

उत्तर द्वारकाबाईनंच दिलं. "बाभळीचा काटा मोडला व्हता. पाच-सहा दिवस झाले. मीच टाचनीनं काढला, हळद लावली."

लालसिंगनं डावा तळपाय हातात घेतला, अंगठ्याखाली जरासा दाबला. पोरगी अशी किंचाळली की पिंपळावरचे कावळे उडाले. तिथं पू धरला होता, आणि मधोमध काळं टोक दिसत होतं.

"मावशी, अर्दाच काढला तुमी. अर्दा आत हाय. ह्याच पायाचं अवधाण आलंय हे."

"अवधाण!" किसनराव ओरडले. "अरं, अवधाणच की! मला मेल्याला धा येळा आलं आसंल!"

पारावर एकही माणूस असा नव्हता ज्याला जन्मात कधी अवधाण आलं नव्हतं. अनवाणी फिरणारी माणसं, पाय दुखावला की जांघेत गाठ येणारच. एरवी ही गाठ पाहून कोणी चुलीवरची भाकरी करपू दिली नसती. पण रेडिओ ऐकून सगळ्यांना आपापल्या पायांचा विसर पडला होता.

दुपारी जीप आली. डॉक्टरांनी लालसिंगचं सगळं ऐकून घेतलं, लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच केलं. त्यांनी काख पाहिली, मान पाहिली, छाती तपासली, रक्त घेतलं. मग तळपाय कापून करवंदाच्या काट्याएवढा तुकडा बाहेर काढला, तो कापसावर ठेवून द्वारकाबाईला दाखवला, सुई दिली, गोळ्या दिल्या. म्हणाले, "मला तरी हे काट्याचंच दिसतंय. परभणीला नेत नाही. पण दोन दिवस हिला घरातच वेगळी ठेवा. लालसिंग सकाळ-संध्याकाळ येईल. ताप उतरला नाही तर मात्र ऐकणार नाही."

परभणीला नेत नाही, एवढंच द्वारकाबाईनं ऐकलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका काही मावला नाही. सगळ्यांच्या देखत, डॉक्टरांच्या देखत ती लहान पोरीसारखी रडली. कोणीतरी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं वळून पाहिलं नाही. बांगड्यांच्या आवाजावरूनच तिला कळलं, की अनुसयाबाई आहे.

त्या दोन दिवसांत लालसिंग चारदा आला. येताना त्यानं घराघरांत, बिळांच्या तोंडाशी, गोधड्यांखाली पावडर मारली, आणि पिसवांचं सगळं सांगितलं. पण पारावर नाही. "चूक माजी हाय," तो म्हणाला, "ज्यांचं काम त्यांना सांगितलं न्हाई." तो ओढ्यावर गेला, जिथं साऱ्या बायका दसऱ्याच्या गोधड्या आपटत होत्या, आणि लांब दगडावर बसून, लाजत लाजत, पुन्हा पहिल्यापासून बोलला. उंदीर आधी मारायचा नाही, पिसू आधी. धान्याला झाकण पाहिजे. शिळं रात्रभर उघडं ठेवायचं नाही. बिळात काचेचे तुकडे कोंबून वर लिंपायचं. उकिरडा घराला टेकून नको. बायका आपटायच्या थांबल्या, आणि त्यांनी इतके प्रश्न विचारले की लालसिंगची संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिपा उठून बसली. अंग गार. गाठ निम्मी झालेली. द्वारकाबाई तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, तो हात पोरीनं बाजूला केला.

"आजी, भूक लागली. भाकर दे. आन् तिखट बी."

द्वारकाबाईनं चूल पेटवली. भाकरी थापता थापता तिनं तसबिरीकडं पाहिलं, या वेळी सरळ डोळ्यात डोळा घालून. देवानं राग धरला असता तर लेकरू असं तिखट मागून उठलं नसतं, हे तिला स्वच्छ कळलं. पहिली भाकरी दिपाला दिली. दुसरी, वर ठेच्याचा गोळा ठेवून, भिंतीवरून पलीकडं.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि कणगीमागं पुन्हा खडखड सुरू झाली. द्वारकाबाईनं आधी लालसिंगला विचारलं. रोगराई काही नाही, घाला, पण सांगून घाला, तो म्हणाला. तिनं पंचांग पाहून संकष्टी टाळली, गोळ्या केल्या, जिथल्या तिथं ठेवल्या, आणि हात धुऊन थेट रस्त्यात जाऊन उभी राहिली. दिपा शाळेतून येत होती, पायात चपला घालून. ती थबकून आजीकडं बघू लागली. द्वारकाबाईनं कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली,

"ऐका गं बायांनो! आज आमच्या घरी उंदराचं औषध घातलंय! उंदराचं! उद्या मेलेले दिसले तर ते माजे हायत!"

जन्मात पहिल्यांदाच तिनं तो शब्द मोठ्यानं उच्चारला होता. आळीतली माणसं दारात आली. भिंतीच्या पलीकडून अनुसयाबाईचा आवाज आला.

"ऐकलं गं! माजं उद्या हाय!"

सकाळी द्वारकाबाईच्या घरात तीन उंदीर मेलेले सापडले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.